गवताचा दाखला

मी पाठी वाचते. माझ्या कामाचं याहून थोडक्यात वर्णन मला करता येत नाही.

नगरच्या एका धर्मादाय दवाखान्यात, त्वचारोगाच्या विभागाला जोडलेल्या प्रयोगशाळेत मला तीन वर्षं झाली. रक्त काढणं, काचपट्ट्या रंगवणं, सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजणं हे सगळं इतर प्रयोगशाळांसारखंच. पण आमच्याकडे आणखी एक काम असतं. रोग्याच्या पाठीवर लिंटच्या मऊ कापडाचे छोटे चौकोन चिकटपट्टीने लावायचे. प्रत्येक चौकोनाखाली एकेका संशयिताचा थेंब: सिमेंटचं पाणी, रबर, कुंकू, एखाद्या पानाचा अर्क. दोन दिवस पाठ भिजवायची नाही, खाजवायची नाही. मग पट्ट्या काढायच्या, थोडा वेळ थांबायचं आणि पाहायचं. बहुतेक चौकोनांखालची कातडी जशीच्या तशी असते. एखाद्याच जागी ती लाल, फुगीर आणि पुरळाने भरलेली दिसते. गुन्हेगार सापडलेला असतो.

या कामात रोगी पाठमोरा बसतो, हे मला सुरुवातीला फार सोयीचं वाटलं. अनोळखी माणसाशी बोलणं मला जड जातं. त्यात वडिलांच्या लष्करी कचेरीतल्या बदल्यांमुळे माझं सगळं शिक्षण ठिकठिकाणच्या इंग्रजी शाळांमध्ये झालेलं. घरी आम्ही मराठीच बोलत असू, पण लिहायची वेळ आली की मी आधी इंग्रजीत विचार करी आणि मग शब्द शोधी. स्वतःविषयी एवढंच सांगते, आणि तेही पुढचा प्रकार त्यातून घडला म्हणून.

पहिल्या वर्षी शिर्डीहून एक हारवाला आला होता. हाताच्या बोटांना भेगा, डोळ्यांभोवती सूज. त्याच्या पाठीवर शेवंतीचा चौकोन उठला. मी पट्टी काढून डॉक्टरांना तसं सांगितलं, तेव्हा त्याने मान वळवून मला विचारलं, "देवाच्या फुलानं कुणाचं वाईट हुतंय व्हय, बाई?" मी रजिस्टरात शेवंतीचं लॅटिन नाव लिहिलं. तो गृहस्थ पुढे गुलाबाचेच हार करू लागला आणि बरा झाला, असं कळलं. पण त्याच्या प्रश्नाला उत्तर द्यायला हवं होतं, असं मला आजही वाटतं.

खरं तर सगळ्यांचा प्रश्न तोच असतो. मलाच का, आणि आत्ताच का? शेजारी बसून तीच फुलं ओवणाऱ्या भावाला काही होत नाही, मग मला का?

आमचे डॉक्टर, ज्यांना मी सर म्हणते, फुरसत मिळाली की हे मला समजावून सांगत. रक्तातल्या पांढऱ्या पेशींमध्ये लिंफोसाइट नावाची एक जात आहे. दिसायला अगदी साधी: गोल, जवळजवळ सगळी केंद्रकानेच भरलेली, कडेला निळसर रंगाची बारीक किनार. तिचं काम परका ओळखण्याचं. गवताचा किंवा फुलाचा रस कातडीतून आत शिरला की या पेशी त्याला पाहून घेतात. पहिल्यांदा काहीच होत नाही. कधी कधी वर्षानुवर्षं होत नाही. पण एकदा का त्यांनी त्याला परका म्हणून मनात धरलं, की पुढच्या खेपेला जरासा रसही पुरतो. त्या धावून येतात, इतर पेशींना बोलावून आणतात, आणि त्या धावपळीत कातडी सुजते, पाझरते, चिरते. गवत स्वतः जाळत नाही. जाळपोळ घरच्याच माणसांची असते.

"मग ज्यांना काही होत नाही, त्यांचं काय?" मी विचारलं होतं.

सर म्हणाले, की परदेशी मासिकांत अलीकडे एक नवीन गोष्ट वाचायला मिळते. लिंफोसाइटांपैकीच काही जणी बाकीच्यांना आवरतात, असं काही संशोधकांना दिसू लागलं आहे. "म्हणजे भांडणारे आणि आवरणारे एकाच घरातले. कोणाचं घर शांत राहतं आणि कोणाचं का पेटतं, हे मात्र अजून कोणालाच नीट सांगता येत नाही."

सूक्ष्मदर्शकाखाली दोघी सारख्याच दिसतात. मी पुष्कळदा काचेवर पाहत बसले आहे. फरक कळत नाही.

दुष्काळाच्या साली, ऊन तापायला लागलं होतं तेव्हा, कर्जतकडच्या एका खेड्यातून दगडू नावाचा तरुण शेतकरी आपल्या आईला घेऊन आला. आईचं नाव हौसाबाई, वय पन्नाशीच्या पुढचं. त्यांनी पदर नाकापर्यंत ओढून घेतला होता. सरांनी तो बाजूला करायला सांगितला. कपाळाची कातडी जाड होऊन तिला वळ्या पडल्या होत्या. पापण्या सुजलेल्या. मान आणि कोपरापर्यंतचे हात काळपट, चिरलेले. लुगड्याखाली झाकलेलं अंग मात्र स्वच्छ होतं.

दगडू सरांना बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "गावात लोक भलतंच बोलत्यात, सायेब. त्यो मोठा रोग म्हणत्यात."

सरांनी कापसाचा बोळा फिरवून सगळीकडची संवेदना तपासली. मी हौसाबाईंच्या कानाच्या पाळीतून नमुना घेतला, रंगवला आणि बराच वेळ पाहिला. महारोगाचे जंतू नव्हते. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं, म्हणून मुद्दाम लिहून ठेवते.

"कामावर काय करता?" सरांनी विचारलं.

"दुस्काळी रस्त्याचं काम चालू हाय. आमा बायकांना कडंचं गवत उपटाया लावलंय."

"कुठलं गवत?"

"त्येच की, गाजरावानी पानाचं. पांढऱ्या फुलाचं. आमच्याकडं चटकचांदणी म्हणत्यात."

परदेशी गव्हाबरोबर आलं म्हणतात ते हे गाजरगवत. पीक वाळून गेलं तरी रस्त्याच्या कडेला आणि विहिरीच्या ओलीला ते हिरवंगार उभं होतं. मी त्याचा अर्क इतर थेंबांबरोबर हौसाबाईंच्या पाठीवर लावला. मायलेक दोन दिवस दवाखान्याच्या धर्मशाळेतच राहिले. तिसऱ्या दिवशी पट्ट्या काढल्या तर गवताच्या चौकोनावर पाण्याचे फोड आले होते. बाकीच्या जागा कोऱ्या.

"पण बाई, दोन वरीस उपटतीया मी ह्ये गवत," हौसाबाई पाठमोऱ्याच म्हणाल्या. "तवा काय झालं न्हाई. आत्ताच कसं?"

या वेळी मी उत्तर दिलं. "तुमच्या रक्ताला त्याची ओळख आत्ता पटली."

"उशिरानं वळखलं म्हणायचं." त्या थोड्या हसल्या. मग चोळी सारखी करता करता म्हणाल्या, "माझी सून शांता काष्टीला माहेरी गेलीय. पोरगी झालीय तिला. महिन्याभरात यील. तवर तेवढं ह्ये हात बरं करा. असल्या हातानं पोरीला कसं घेऊ?"

सरांनी गोळ्या आणि मलम दिलं. गवतापासून दूर राहणं हेच खरं औषध, असंही सांगितलं. त्यासाठी कामाच्या जागी दाखला द्यावा लागणार होता. बाहेर रांग वाढली होती. सर मला म्हणाले, "काँटॅक्ट डर्माटायटिस. मराठीत लिहा आणि एखादं हलकं काम सुचवा. मी सही करतो."

मी शब्दकोश काढला. काँटॅक्ट म्हणजे स्पर्श. त्याने होणारा तो स्पर्शजन्य. मला तो शब्द सुंदर वाटला. शाळेत कधी न भेटलेली मराठी आपल्या हातून उतरते आहे, याचा थोडा अभिमानही वाटला. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं: "सदर बाईस स्पर्शजन्य त्वचारोग झाला असून तिला गवत उपटण्याच्या कामावर घेऊ नये. पाणी वाटण्यासारखे हलके काम द्यावे." सरांनी पुढच्या रोग्याची जीभ पाहता पाहता सही केली.

तीन आठवड्यांनी मायलेक पुन्हा आले. मी खिडकीतून पाहिलं. दगडू आत बाकावर बसला होता. हौसाबाई बाहेर कडुनिंबाखाली, लोकांपासून दूर, जमिनीवर बसल्या होत्या. मी बाहेर गेले. त्यांचा चेहरा पुष्कळ निवळला होता, कपाळाच्या वळ्या उतरल्या होत्या. मला आनंद झाला. आत चला म्हणून मी त्यांच्या दंडाला हात लावायला गेले, तशा त्या मागे सरकल्या.

"मला शिवू नका, बाई. तुमीच लिवलंय."

मला आधी काही कळलंच नाही. दगडूने सांगितलं. कामावर हजेरी मांडणाऱ्या मस्टर कारकुनाने दाखला सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला होता. "कारकून म्हनला, दवाखान्याला याड लागलंय का? शिवल्यानं हुनारा रोग म्हणत्यात, आन वर पानी वाटाया लावा म्हणत्यात!" हौसाबाईंना त्याच दिवशी घरी पाठवलं. चेहऱ्यावरून जी कुजबुज आधीपासून होती, तिला आता दवाखान्याचा शिक्का मिळाला. विहिरीवर बायका त्यांच्या घागरीपासून आपल्या घागरी लांब ठेवू लागल्या. बातमी काष्टीला पोचली आणि शांताच्या वडिलांनी निरोप धाडला, की म्हातारीचं काय ते नक्की कळेपर्यंत लेकीला आणि नातीला पाठवायचं नाही.

"महिन्याची हून गेली पोरगी," हौसाबाई म्हणाल्या. "काळी का गोरी, ठावं न्हाई." रागाचा एक शब्दही त्यांनी काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

सरांनी दाखला पहिल्यांदाच नीट वाचला. ते ओरडले नाहीत. "चूक माझीही आहे. न वाचता सही केली," एवढंच म्हणाले. "दुसरा दाखला देऊ."

दगडूने मान हलवली. "नवा कागद नेला तर म्हणतील वशिल्यानं आणला. कुनीतरी येऊन तोंडानं सांगाया पायजे."

सरांना दवाखाना सोडता येत नव्हता. मी जाते म्हणाले. मला कोणी तसं सुचवलं नव्हतं. लागलाच तर तिथेच लिहून द्या, म्हणून सरांनी एक कोरा कागद सही करून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने मी त्यांच्यासोबत गेले. रस्त्याच्या कामावर माणसांची लांब रांग होती. बायका डोक्याला फडकी गुंडाळून खडी फोडत होत्या. कारकून तरुण होता, नेटका, उन्हाने रापलेला. वाईट माणूस नव्हता. "एवढ्या माणसांच्या पाण्याची जबाबदारी माझ्यावर हाय, बाई," तो म्हणाला. "तुमीच सांगा, काय करायला पायजे हुतं मी?"

मी एस.टी.त पाठ केलेलं सांगू लागले. हा रोग असंसर्गजन्य आहे, वगैरे. हातोड्यांचे आवाज थांबले. सगळे ऐकू लागले तसा माझा आवाज आणखी बारीक झाला.

"थांबा," कारकून म्हणाला. "कागदावर स्पर्शजन्य हाय. तुमी म्हणता असंसर्गजन्य. मग नक्की कोणचं?"

"दोन्ही," मी म्हटलं.

माणसं हसली. मी पुढे होऊन पाण्याच्या पिंपावरचा पेला उचलला, हौसाबाईंच्या हातात दिला, आणि त्यांना पाणी भरून द्यायला सांगितलं. त्यांनी पेला भरून दिला. मी ते पाणी सगळ्यांसमोर प्यायले. मला वाटलं, आता संपलं.

"तुमाला काय हुतंय?" मागून कोणी तरी म्हणालं. "तुमी दवाखान्यातल्या. सुई टोचलेली असंल तुमाला."

कारकुनाने तो पेला उचलून वेगळा ठेवला. हौसाबाई दगडूला म्हणाल्या, "चल, बाईंस्नी एस.टी.वर घालवून ये." त्यांनी माझी काळजी करावी, हे मला सोसेना.

तेवढ्यात खडी फोडणाऱ्या बायकांमधून एक म्हातारी उठली. हमीदाबी तिचं नाव, हौसाबाईंच्या गावचीच. हात झटकत आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"मला एक सांगा, बाई. हौसाला त्ये गवत बाधतंय, आसं म्हणायचंय का तुमाला?"

मी हा शब्द लहानपणापासून ऐकला होता. आई म्हणायची, रात्री दही खाऊ नको, बाधेल. पण तो स्वयंपाकघरातला शब्द होता. तो दाखल्यावर लिहिता येतो, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

"हो," मी म्हटलं. "तेच. गवत बाधतं त्यांना."

"मग आसं बोला की!" हमीदाबी सगळ्यांकडे वळली. "आमच्या बापाला वांगं बाधायचं. एक फोड पोटात गेली की तोंड सुजायचं. आमी समदी भावंडं त्याच्या ताटात जेवलो. कुनाला काय झालं? बाधतंय त्येला बाधतंय."

"मला हरबऱ्याची डाळ," एक जण म्हणाला.

"आन मारुतीला दारू!"

"मारुतीला कुठं? त्याच्या बायकूला बाधती ती."

पुन्हा हसू उठलं, पण या वेळचं हसणं वेगळं होतं. माझ्या सगळ्या अभ्यासात जे मला सांगता आलं नव्हतं, ते या माणसांना आधीपासून माहीत होतं. एकाच्या अंगाला जे सोसत नाही ते दुसऱ्याला सोसतं, आणि ते एकाकडून दुसऱ्याकडे जात नाही. त्यांच्याकडे त्यासाठी शब्दही होता. मी तो वापरला नाही एवढंच.

"मग तसं लिवून द्या," कारकून म्हणाला. "सायबाच्या सहीचा कागद हाय का?"

सरांनी सही करून दिलेला कागद मी त्याच्या रजिस्टरावर ठेवला आणि लिहू लागले. तो मागून वाचत होता. "हौसाबाई यांना गवताची बाधा…"

हमीदाबीने माझं मनगट धरलं. "बाधा नगं! बाधा लिवली की उद्या देवरुशी आणतील, तिला घुमवतील. बाधतं लिवा."

मी खोडलं. एवढ्याशा फरकाने मी त्या बाईला आणखी एका संकटात लोटणार होते. पुन्हा लिहिलं: "हौसाबाई यांना गाजरगवत बाधते. ते गवत त्यांच्या अंगाला लागू देऊ नये. त्यांच्यापासून दुसऱ्या कोणालाही काही होत नाही." कारकुनाने ते मोठ्याने वाचलं, जसं आधीचं वाचलं होतं. मग वेगळा ठेवलेला पेला त्याने पिंपावर परत ठेवला. पहिलं पाणी हमीदाबी प्यायली. नंतर काही जण आले. सगळे आले नाहीत. काम संपेपर्यंत काही घरची माणसं घरून आणलेलंच पाणी पीत राहिली, असं दगडूने मला नंतर सांगितलं.

पेशींच्या बाबतीतही असंच असतं. एकदा परका ठरवलेला त्या विसरत नाहीत. गोळ्यांनी त्यांना शांत करता येतं, आवरता येतं. पण ओळख पुसता येत नाही. पावसाळ्यात गवत वाढलं की हौसाबाईंच्या मानेवर थोडं उठतं. त्या येतात, मलम घेऊन जातात. आता दाखला लिहिताना मी आधी तो रोग्याला वाचून दाखवते आणि त्याला काय कळलं ते त्याच्याच तोंडून ऐकते. याला वेळ लागतो. रांगेतली माणसं कुरकुरतात.

दगडू नवा कागद घेऊन काष्टीला गेला होता. शांताच्या वडिलांनी तो दोघा-तिघांकडून वाचून घेतला. तरी त्यांचं ठरेना. शेवटी शांताच उठून निघाली, असं ऐकलं. पुढच्या महिन्यात ती हौसाबाईंसोबत आमच्याकडे आली, तेव्हा मी तिला पहिल्यांदा पाहिलं. सावळी, फार न बोलणारी मुलगी. मांडीवर बाळ होतं. हौसाबाई त्याच बाकावर, पण हातभर अंतर ठेवून बसल्या होत्या. कातडी जवळजवळ पूर्ण निवळली होती. हात मात्र पदराखाली होते.

"आठ दिस झालं आम्हाला येऊन," शांता मला म्हणाली. "आत्याबाई लांबूनच बघत्यात. घ्या म्हटलं तरी घेत न्हाईत."

बाळ आजीकडे पाहून पाय झाडत होतं.

"घ्या की," मी म्हटलं. "काही होत नाही तिला."

हौसाबाईंनी मान हलवली. "तोंडानं नगं, बाई. लिवून द्या."

मी आत जाऊन त्यांचा केसपेपर काढला. उपचाराच्या रकान्यात लिहिलं: गोळ्या बंद. मलम दिवसातून एकदा. गवतापासून दूर राहावे. नात मांडीवर घेत जावी. सरांनी सही करण्याआधी ते वाचलं. शेवटच्या ओळीवर थोडे थांबले, तिच्याखाली रेघ ओढली आणि सही केली.

मी बाहेर येऊन वाचून दाखवलं.

"अजून एकदा," हौसाबाई म्हणाल्या.

मी पुन्हा वाचलं. शांताने मुलीला उचलून पुढे केलं, आणि हौसाबाईंनी पदराखालचे हात बाहेर काढले.